काकू म्हणतील तिथं मुक्काम

हल्ली आमच्या ऑफिसातली पोरं सुट्टीवरून परत आली की आधी किलोमीटर सांगतात, कुठे गेलो होतो ते नंतर. परवा एकजण बायकोला घेऊन स्वतःच्या गाडीनं गोव्याला जाऊन आला. "दीदी, सीधा गोवा. बीच में सिर्फ़ डीज़ल के लिए रुके," असं म्हणून तो माझ्या शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. मी म्हटलं, "वा." पण मनात वत्सलाकाकू आल्या. त्या असत्या तर त्यांनी चेहरा पाडून विचारलं असतं, "मंग बीचमध्ये काहीच नव्हतं का रे?"

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर होतं, मधली भिंत एकच. मनोहरकाका रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर. काकूंचं माहेर मोर्शीकडचं, पण लग्न होऊन रायपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आवाज जाड. मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी त्या एकाच वाक्यात बोलत आणि समोरच्याला सगळं कळे. भाजीवाल्याजवळ बसल्या की अर्धी सकाळ तिथेच जायची. लग्नाला आदल्या दिवशी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळी निघाली की मग निघायच्या. कुणी दारातून उभ्या उभ्या पत्रिका देऊन चालायला लागलं तर त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "बसाचं नसन तर येता काहून?"

रेल्वेवर मात्र त्यांचा राग होता, आणि तो साधासुधा नव्हता. काकांना बोलावणं आलं की ते डबा घेऊन निघत, ते परत कधी येणार हे खुद्द रेल्वेलाही ठाऊक नसे. मालगाडीला स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलवर ताटकळत ठेवतात, नाहीतर कुठल्याशा जंगलातल्या स्टेशनात बाजूला घेतात आणि सगळ्या जगाच्या गाड्या पुढे जाऊ देतात. काका तिथे अडकून पडत आणि काकू इथे भात झाकून, गरम करून, पुन्हा झाकून बसत. घरात फोन नव्हता. त्या वाट पाहण्यातून त्यांची एक भाषाच तयार झाली होती. कुकरची शिट्टी होत नसली की "भात आउटरवर उभा हाय", पोराचा निकाल लांबला की "त्याले सिग्नल भेटला नाही".

काका रिटायर झाले त्या संध्याकाळी घरी हार-तुरे, पेढे, सगळं झालं. पाहुणे असतानाच काकूंनी जाहीर केलं, "आता मी रेल्वेत बसनार नाही. जलमभर तिनं मले बसवून ठेवलं." सगळे हसले. काका हसले नाहीत, कारण त्यांना आपली बायको ठाऊक होती. शिवाय त्यांच्या मनात एक वेगळीच गोष्ट होती. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी काकूंना समुद्राचं वर्णन करून सांगितलं होतं. तरुणपणी ते मित्रांसोबत पुरीला जाऊन आले होते. मोर्शीच्या मुलीला ते काही केल्या खरं वाटेना. एवढं पाणी असेल तर ते सांडत कसं नाही, असं तिनं विचारलं म्हणे. काका म्हणाले होते, पुढच्या वर्षी दाखवतो. मग सुट्टी रद्द, मग आईचं आजारपण, मग मुलाची दहावी, असं करत पुढचं वर्ष पुढेच राहिलं. खरं सांगायचं तर काकूंना समुद्राचं फारसं काही नव्हतं. जीव काकांचाच त्यात अडकला होता. रेल्वेचा पास हातात असताना पुरी म्हणजे एका रात्रीचं काम होतं, पण काकू रेल्वेत बसणार नव्हत्या आणि गर्दीची, कोंदट बस त्यांना लागायची.

म्हणून काकांनी एका शाळेची मोडीत काढलेली मिनीबस घेतली.

ते दिवस रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झाल्याचे. भोपाळहून फायली येत होत्या, साहेब येत होते, रस्ते रुंद होत होते, आणि ज्यांना कालपर्यंत कुठे जायचं नव्हतं त्यांनाही घाई झाली होती. मी नव्या सरकारच्या एका ऑफिसात लागले होते आणि रोज धावतपळत निघायचे. काकू ओट्यावरून म्हणायच्या, "राजधानी झाली म्हणून का भात लवकर शिजून राहिला?" त्याच काळात काका रोज गावातच गुढ़ियारीला गॅरेजात जाऊन मिस्त्रीच्या डोक्यावर बसायचे. आतली बाकं काढून एक पलंग केला, त्याच्याखाली धान्याचे डबे. एका बाजूला ओटा आणि गॅस, वर पंखा, मागच्या कोपऱ्यात पडदा लावून मोरी. गाडी गल्लीत आली तेव्हा सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, पाहायला लोटला. एकानं विचारलं, "भैया, इसमें आइसक्रीम बेचोगे क्या?" काका दुखावले. काकू म्हणाल्या, "हव, सुरू केली की तुलेच आधी देईन."

काकूंनी त्या गाडीत पाय ठेवला आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला. चालवायचं काकांनी, थांबायचं कुठे ते काकू ठरवतील. जन्मभर या माणसाला सिग्नलनं थांबवलं होतं, आता त्या थांबवणार होत्या. काकांना आधी ही गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाटेनाशी झाली.

कारण काकूंचा हिशेब किलोमीटरचा नव्हताच, दह्याचा होता. काकांना ताटात दही नसलं तर जेवल्यासारखं वाटत नसे. नोकरीत मात्र ते त्यांना धड कधी मिळालं नाही, डब्यातलं सांडायचं नाहीतर आंबून जायचं. आता रोज संध्याकाळी ताजं, घट्ट दही द्यायचं हे काकूंनी मनावर घेतलं होतं. आणि हलत्या गाडीत दही लागत नाही. त्यामुळे थंडीत लवकर थांबायचं, कारण दह्याला वेळ लागतो. एखाद्या दिवशी ऊन तापलं तर लवकर थांबायचंच, कारण ऊन. म्हणजे हवा कशीही असो, दुपारच्या आत कुठेतरी दूध घेऊन, कोमट करून, विरजण लावून गाडी उभी राहिली पाहिजे. ती पुन्हा हलणार दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर.

दिवाळीनंतर ते निघत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू बूढ़ापाऱ्यात हव्याच असत. तेवढ्या दिवसांत कुणीही पुरीला जाऊन येईल. हे दोघं पहिल्या वर्षी जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या पिथोऱ्यापर्यंत गेले. एका तळ्याकाठी काकूंना इतकं बरं वाटलं की गाडी तिथून दिवस न् दिवस हललीच नाही.

एका वर्षी सुट्टी जोडून मीही त्यांच्याबरोबर गेले. समुद्र पाहायचा म्हणून नवी साडीही घेतली होती. सकाळी गाडीबाहेर स्टूलवर चहा घेताना त्या दोघांची बोलणी चालायची ती मला अजून ऐकू येतात.

"आज सरायपाली गाठू," काका म्हणायचे.

"गाठू ना. रस्त्यात काही नसन तर."

"रस्त्यात काय असते वो? रस्ता असते."

"मंग पाहू."

आणि काही ना काही असायचंच. कधी दाट सावलीचं मोहाचं झाड, कधी शाळेचं मोकळं पटांगण. पण काकूंचा सगळ्यात आवडता मुक्काम म्हणजे गावाबाहेरचं बोरिंग, आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. तिथे बायका पाणी भरत असल्या की काकू हात वर करायच्या. काका गाडी बाजूला घेत, पण घेताना असा सुस्कारा सोडत की मला हसू आवरायचं नाही. "आयुष्यभर लाल दिवा पाह्यला," ते मला म्हणायचे, "आता घरचाच सिग्नल हिरवा होऊन नाही राहिला."

गावातल्या बायका गाडीभोवती जमत. "कहाँ जाथव दाई?" कुठे चाललात, असं विचारत. काकू बादली खाली ठेवून सांगत, "इहें आए हन." इथेच आलोय. त्या बायकांना ते एकदम पटायचं. घटकाभरात कुणी शेंगा आणून द्यायची, कुणी आपली सासू आणून दाखवायची. संध्याकाळपर्यंत काकूंना त्या गावातली सगळी भांडणं ठाऊक झालेली असायची, आणि एखादं त्यांनी मिटवलेलंही असायचं.

माझी सुट्टी संपली तेव्हा आम्ही बसन्याच्या अलीकडे होतो, सरायपालीही अजून पुढेच होती. मला तिथून बस पकडून परत जावं लागलं. मी जरा घुश्शातच होते. काकूंनी माझ्या पिशवीत शेंगा कोंबल्या आणि म्हणाल्या, "समुद्र कुठं चालला का सुनीता? थो तिथंच राह्यते. ह्या बाया पुन्हा भेटन का?" घरी येऊन मी ती साडी नेसून हळदीकुंकवाला गेले.

काकांनी एकदाच बंड केलं. ते मी पाहिलं नाही, दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचंही जुळलं. सरायपालीच्या पुढे एका तळ्याशी काकूंनी हात वर केला आणि काका थांबलेच नाहीत. पुढे एक झाड गेलं, एक बोरिंग गेलं, काका समोर पाहत चालवत राहिले. त्या दिवशी त्यांना ओडिशातलं संबलपूर गाठायचंच होतं. काकू नेहमीच्या वेळी मागे गेल्या आणि चालत्या गाडीत सकाळच्या दुधाला विरजण लावलं. संध्याकाळी संबलपूरच्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात, ट्रकांच्या धुरात त्यांनी काकांना ताट वाढलं. वाटीत जे होतं ते दूधही नव्हतं आणि दहीही नव्हतं. काकूंनी शेजारी चमचा ठेवला. काका ते सगळं प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. काकूंना वाटलं आता कटकची बोलणी सुरू होणार. काकांनी गाडी सुरू केली, फिरवली आणि आल्या रस्त्यानं परत निघाले. काकू दारातून ओरडल्या, "काहून जी, इकडे कुठं?" काका म्हणाले, "थो तलाव राह्यला ना तुझा." कधी नव्हे ते समुद्राची जवळपास अर्धी वाट सरली होती आणि हा माणूस दिवसभर गाडी हाकून काल मागे टाकलेल्या तळ्यावर परत गेला. तिथून पुढे जायला त्या वर्षी दिवस उरले नाहीत. काकू ही गोष्ट सांगताना काकांना मनसोक्त वेडे ठरवायच्या, पण सांगायच्या मात्र प्रत्येक हळदीकुंकवाला.

त्यांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. मराठी समजायची त्याला, पण उत्तर हिंदीत. सुट्टीत आला की नकाशा पसरून बसायचा. "मम्मी, सुबह पाँच बजे निकलो, रात को पुरी. प्रॉब्लेम क्या है?" काकू त्याच्या ताटात पोळी वाढत म्हणायच्या, "प्रॉब्लेम काहीच नाही बेटा. तू गाडी चालवशील तवा तसाच जाय."

मग त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. आधी त्या ते लपवत होत्या, मग लपवता येईना. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते काकूंनी विचारलंसुद्धा नाही, घरी येऊन काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा टाकला. त्यानंतर संक्रांतीची जागा दवाखान्याच्या तारखेनं घेतली. दोन तारखांच्या मधे जे दिवस मिळतील तेवढेच.

काका सैरभैर झाले. आता त्यांना एकच दिसत होतं, ही आहे तोवर हिला समुद्र दाखवायचा. एरवी शांत माणूस, पण माझ्याकडे येऊन बसायचे आणि रस्ता मोजायचे. इथे थांबलो नाही तर, तिथे जेवलो नाही तर. एक दिवस ते काकूंसमोर हात जोडूनच बसले. मी भाजी द्यायला गेले होते, ती घेऊन दारातच थांबले.

"एक डाव रेल्वेत बस," काका म्हणत होते. "एका रात्रीचं काम हाय. झोपून जाशीन आन् सकाळी समुद्र."

काकूंचा जुना राग निघेल असं मला वाटलं. पण त्या सावकाश म्हणाल्या, "जलमभर तुम्ही गाडी चालवली. मी तुमच्या गाडीत एक डाव बी बसली नाही, मालगाडीत कोन बसू देते? आता रेल्वेत बसली तर चालवन दुसराच, आन् तुम्ही बसान माझ्या बाजूले. मले थे नको. मले तुमच्याच गाडीत जाचं हाय."

काकांनी जोडलेले हात खाली घेतले. मी भाजीचं भांडं दाराशी ठेवून परत आले आणि आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून खूप रडले.

माघ महिना होता. थंडी ओसरत आली होती. दवाखान्यातून सोडलं आणि पुढची तारीख जरा लांबची मिळाली. दोन दिवसांत त्यांनी गाडी काढली. पाऱ्यातले बरेचजण सकाळी निरोपाला उभे होते. काकू अर्ध्या झाल्या होत्या. काकांनी आणि मी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. स्वेटरवरून शाल घेतलेली. धाप ओसरल्यावर त्या काकांना म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "या खेपेला तुम्ही ठरवा. कुठं थांबाचं, किती जाचं, सगळं. मले विचारू नका. मी हात वर नाही करनार."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कितीतरी वेळ आरसा नीट करत राहिले.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तरी मी दारातच उभी होते. एक मन म्हणत होतं, जाऊ दे, एकदाचा समुद्र होऊन जाऊ दे. दुसऱ्या मनाला भीती वाटत होती की आता हा माणूस कुठेच थांबणार नाही, आणि काकूंना ते झेपणार नाही. त्यांनी स्वतःहून तो हक्क सोडला याचंच मला फार वाईट वाटत होतं.

त्या दिवशी मला ऑफिसच्या कामानं महासमुंदला जायचं होतं. जीप दुपारी निघाली. आरंग मागे पडलं, महानदीचा पूल आला. रस्त्याच्या बाजूला पाहायचंही माझ्या मनात नव्हतं, माझ्या हिशेबानं ते दोघं एव्हाना ओडिशाच्या हद्दीत असायला हवे होते. पण पुलावरून खाली नजर गेली तर नदीच्या काठाला, वाळू सुरू होते तिथे, त्यांची गाडी उभी. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि साडी सावरत उतरले. गाडी बिघडली असणार किंवा काकूंना काही झालं असणार, दुसरं काय?

काही झालं नव्हतं. गाडीच्या सावलीत वेताच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या, पाय उन्हातल्या वाळूवर सोडून. समोर पात्रात कलिंगडाचे वेल लावलेले, पलीकडे पाण्याची निळी पट्टी. वेलांना पाणी घालणारी एक बाई खुर्चीजवळ टेकून काहीतरी सांगत होती. काका पायरीवर बसून लसूण सोलत होते.

"अरे, आली का तू बी?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खोल गेला होता, पण डोळे हसत होते. "पाह्य तुझ्या काकाले. एवढी वर्सं डोकं खाल्लं माझं, पुढं चाल, पुढं चाल. आन् ठरवाले देल्लं तर इथं आनून उभं केलं. मी ठरवलं असतं तर पिथोऱ्यापर्यंत तरी गेलो असतो."

ती बाई हसली, मीही हसले. काकांनी मान वर केली नाही.

ते मला जीपपर्यंत सोडायला आले. चढावर जरा थांबले. मी विचारलं, "काका, त्यांना त्रास झाला का रस्त्यात?"

"नाही," ते म्हणाले. "सकाळी पुरीच ठरवली होती मी. परवापर्यंत पोहोचवतोच म्हटलं. मंग पूल आला." त्यांच्या हाताला लसणाची सालं चिकटली होती, ती ते एकेक काढत राहिले. "पोहोचलो का परत फिराचं. परत फिरलो का दवाखाना. मले काही पुढं नेववलं नाही, सुनीता."

मी त्यांच्या पाया पडले. भर रस्त्यात, काही निमित्त नसताना. त्यांनाही ते चमत्कारिक वाटलं असावं.

ते तिथेच राहिले, दवाखान्याची तारीख आली तोवर. उन्हाळा लागायच्या आधी काकू गेल्या. काका मुलाकडे पुण्याला गेले, घर विकलं, गाडीही कुणी घेतली. शेजारी आता बँकेतलं एक जोडपं राहतं, सज्जन आहेत, पण सदा निघालेले असतात. मधली भिंत तीच आहे. पलीकडून भांड्याचा आवाज आला की मी अजून क्षणभर कान देते.

त्या दिवशी जीप सुरू झाली आणि मी मागे वळून पाहिलं. ऊन कलत होतं आणि गाडीची सावली खुर्चीवरून सरकली होती. काका उतरून खाली पोहोचले होते. काकूंना उठवायला नको म्हणून त्यांनी मागून खुर्चीच्या दोन्ही बाजू धरल्या आणि काकूंसकट ती जराशी ओढली, सावलीत येईल एवढीच. काकूंनी हात वर केला. काका थांबले.